पाचवं बंदर

मार्गळी लागली की मला माणसांचा संशय येऊ लागतो. एरवीही येतोच, पण या महिन्यात अंमळ जास्त. डिसेंबर अर्धा सरतो, पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते आणि अख्ख्या चेन्नईला गाण्याचं वेड लागतं. सकाळी भजनं, दुपारी नवशिक्यांच्या मैफली, संध्याकाळी मोठ्यांच्या, आणि मध्ये सभांच्या, म्हणजे मैफली भरवणाऱ्या संस्थांच्या, कँटीनमध्ये डोशासाठी रांगा. पेरुंगुडीच्या आमच्या नवव्या मजल्यावर यातलं काहीच पोचत नाही. सून दारापुढे प्लास्टिकचं कोलम चिकटवते, झाली रांगोळी. पण लिफ्टमध्ये कुणी गुणगुणलं की माझे कान टवकारतात. हे यानं कुठून उचललं? कुणाचं आहे? विचारून उचललं की तसंच?

हसू नका. मी बासरी शिकलो त्या घरात हे रीतसर शिकवलं जायचं. मैलापूरला देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत आमचे वाध्यार राहत, म्हणजे गुरुजी. फार मोठा माणूस. शिकवताना कधी कंटाळले नाहीत की कुणावर हात उगारला नाही. पण त्यांच्या घराण्याची एक-दोन वळणं अशी होती, की ती वाजवायची वेळ आली की ते मांडी फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचे. बासरीचं असंच असतं, बोटं दिसतात. कुठलं भोक अर्धं झाकलं, कुठलं बोट किती घसरवलं, हे डोळ्यांनी चोरता येतं. आम्ही चार शिष्य त्यांच्या पाठीकडे बघत बसायचो. पाठीवर घामानं चिकटलेलं उपरणं, आणि भिंतीवरून परत येणारा तो सूर. कुणालाही त्यात काही वावगं वाटत नसे. मला तर त्या पाठीचा हेवाच वाटायचा. भिंतीकडे तोंड करून वाजवावं असं काहीतरी आपल्याकडेही असावं, असं फार वाटायचं.

आणि ते होतं. माझ्या आईकडे होतं.

आम्ही तंजावरचे मराठी. पिढ्यान् पिढ्या तिकडेच, मग वडलांच्या नोकरीपायी मद्रासला. घरात निम्मं वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि तमिळमध्ये संपायचं. पुढे बायको सोलापूरची मिळाली, तिनं माझी मराठी घासूनपुसून घेतली, म्हणून हे तुम्हाला वाचता तरी येतंय. तर आई. आई दर चार दिवसांनी कॉफीच्या बिया भाजायची. लोखंडी कढई, मंद विस्तव, हातात लांब दांड्याचा लाकडी उलथणा. बिया हिरवटाच्या पिवळ्या व्हायच्या, पिवळ्याच्या तांबूस, आणि त्या तडतडू लागल्या की आई गुणगुणायला लागायची. शब्द नाहीत. नुसतं नाकातल्या नाकात. तिच्या आईकडून आलेलं असावं, तिला विचारलं तर म्हणायची, "मी कुठं गायले?" त्या गुणगुणण्याच्या शेवटी एक जागा होती. सूर वर निषादापर्यंत जायचा, आता षड्जाला टेकणार असं वाटायचं, आणि टेकायच्या आत तो मागे वळून थेट पंचमापर्यंत उतरत यायचा. उतरताना मध्येच किंचित हलायचा. बस, एवढंच. पण मी आजवर एवढ्या मैफली ऐकल्या, ती जागा दुसऱ्या कुणाच्या गळ्यात ऐकली नाही. आईची कढई उतरली की गाणं संपायचं, आणि कॉफीचा वास दुपारपर्यंत घरात राहायचा.

त्या वर्षीची मार्गळी मी लेस्लीबरोबर काढली. साठच्या दशकाची सुरुवात होती ती. लेस्ली अँग्लो-इंडियन. बंदरावर कामाला, जहाजांतून उतरणाऱ्या पेट्या नि पोती मोजून घ्यायचा. माझी सरकारी कचेरीही बीचच्या बाजूलाच, तिथल्या एका खानावळीत ओळख झाली. राहायचा रायपुरमला, एका खोलीत, आणि त्या खोलीत एक गिटार. समुद्राच्या वाऱ्यानं तिथे खिडकीचे गज गंजायचे, दाराच्या कड्या गंजायच्या. गिटार मात्र तो रोज मऊ फडक्यानं पुसून ठेवी. स्वर वर चढवायचा असला की गिटारच्या मानेवर आडवी पेन्सिल ठेवून रबरानं करकचून बांधायचा. माझ्या बासरीला जुळवून घेण्यासाठी ही पेन्सिल. बासरीचा स्वर काही हलत नाही, हलायचं ते त्यानंच, हे त्यानं पहिल्याच दिवशी मुकाट्यानं कबूल केलं. मला तेव्हाच संशय आला होता. माणूस इतका समजूतदार का असेल?

त्याची कल्पना अशी. बंदरावर देशोदेशीचे खलाशी यायचे, कुणी काही गुणगुणायचा, कुणी वाजवायचा. लेस्लीच्या कानात ते राहायचं. त्यातून बासरी आणि गिटारसाठी पाच तुकडे बांधायचे, एकेका बंदराचा एक. योकोहामा, पिरियस, अलेक्झांड्रिया, सांतोस, आणि शेवटचं मद्रास. दोनच वाद्यं, लहानसा हॉल, समोर चाळीस-पन्नास माणसं. एका परदेशी वाचनालयाचा हॉल त्यानं मिळवलाही होता, जानेवारीतल्या एका संध्याकाळसाठी. माझ्या वाध्यारांना यातलं अवाक्षर कळता कामा नये ही माझी अट. ऐन मार्गळीत त्यांचा शिष्य गिटारवाल्याशेजारी बसलाय हे कळलं असतं तर त्यांनी माझं तोंड पाहिलं नसतं.

रविवारी सकाळी मी मैलापूरहून बस धरायचो. रस्त्यांवर कोलम, प्रत्येक कोलमच्या मध्यावर शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल, भजन म्हणत जाणारे मफलर गुंडाळलेले म्हातारे. रायपुरमला उतरलं की एकदम सुकटीचा आणि डांबराचा वास. मग लेस्लीची खोली, त्याचा दाट दुधाचा चहा, आणि आमची भांडणं.

योकोहामाची धून त्यानं वाजवली आणि मी ताडकन म्हटलं, "हा तर आमचा मोहनम् राग."

"जपानी बोट होती, राव."

"असेल. पण माल आमचा आहे."

अलेक्झांड्रियाची वाजवली. "हे मायामाळवगौळ. आमच्याकडे पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात. तिथे कसं पोचलं?"

लेस्ली हसायचा तेव्हा त्याचे डोळे पूर्ण मिटायचे. म्हणाला, "कदाचित त्यांचंच तुमच्याकडे आलं असेल, मॅन. बोटी दोन्हीकडून येतात." मी यावर तीन दिवस धुमसत होतो. आज वाटतं, त्या सकाळी मी हसलो असतो तर पुढचं बरंच टळलं असतं.

आम्ही लिहायचो दोन तऱ्हांनी. तो पाच रेघांवर काळे ठिपके मांडायचा, पाश्चात्त्य पद्धतीनं. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. मी स्वर लिहायचो मोडीत. हो, मोडीत. आमच्या वडलांनी घरात हट्टानं शिकवलेली ती लिपी. मद्रासमध्ये ती वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, म्हणून मुद्दाम मोडीत. लेस्लीनं एकदा कौतुकानं वहीवरून बोट फिरवलं, "सुंदर दिसतं रे," तर मी वही मिटली. आणि तरी मला राग कशाचा यायचा? तर तो जे लिहितो ते मला वाचता येत नाही याचा.

पाचव्या बंदरासाठी मीच त्याला आईची धून दिली. दुसरं माझ्याकडे होतं काय? पण शेवटची जागा दिली नाही. तिथे मी एक साधं, सरळ वळण घातलं. निषाद, षड्ज, संपलं. कुणीही वाजवेल असं. खरी जागा मोडीतही लिहिली नाही. मनाशी ठरवलं, हॉलमध्ये, लोकांसमोर, एकदाच वाजवायची. म्हणजे ती माझी आहे याला पन्नास साक्षीदार होतील, आणि लेस्लीच्या कागदावर ती नसेल. वाध्यारांच्या पाठीनं मला इतकं तर शिकवलंच होतं. लेस्लीनं ते साधं वळण ऐकलं, पुन्हा वाजवायला सांगितलं, डोकं जरा तिरकं केलं आणि म्हणाला, "हं." त्या 'हं'वर मी परतीच्या बसमध्ये पूर्ण वेळ विचार केला.

मग तो एकदा आमच्या घरी आला. मी बोलावलं नव्हतं. सांतोसच्या बोटीवरच्या कुणा खलाशानं त्याला मूठभर कॉफीच्या बिया दिल्या होत्या, त्या तो माझ्या आईसाठी घेऊन आला, रुमालात बांधून, उन्हात, बसनं. आईनं बिया तळहातावर घेऊन दाताखाली धरून पाहिल्या. "केवढ्या टपोऱ्या," म्हणाली. "बस रे बाळा, लगेच भाजते." आणि कढई चढवली.

मी आईला म्हटलं, राहू दे, नंतर भाज. तिनं ऐकलं नाही. मी मोठमोठ्यानं कचेरीतल्या गप्पा काढल्या, खोकलो, खिडकी धाडकन लावली, परत उघडली. लेस्ली माझ्याकडे बघून मान हलवत होता, पण बिया तडतडू लागल्या, स्वयंपाकघरातून आईचं गुणगुणणं आलं आणि त्याची मान हलायची थांबली. ती जागा आली. वर गेली, टेकली नाही, उतरली. मी त्याच क्षणी तांब्या पाडला. फार उशीर झाला होता. लेस्लीनं तांब्या उचलून सरळ ठेवला. कॉफी प्यायला, आईला वाकून नमस्कार केला, आणि दारात मला म्हणाला, "तुझी आई भाग्यवान आहे, राव." झालं! माझ्या मनात पाल चुकचुकली. भाग्यवान कशापायी?

पुढच्या रविवारी त्याच्या कागदावर मद्रासच्या शेवटी काही नवीन होतं. सहा घरं, म्हणजे सहा खाने. गिटारच्या ओळीत प्रत्येक घरात एकेक काळी छोटी वीट, वरून दुसऱ्या रेघेला लोंबकळत. मी विचारलं, "हे काय?"

"ते माझं काम. तू तुझं वाजव."

आणि तालमीत त्या जागी आला की तो वाजवेना. पंजा तारांवर सपाट ठेवून गप्प बसे. मी माझं खोटं वळण वाजवायचो, तो गप्प. मग पुढे सुरू. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा लपवतोय! मी लपवतो तसा हाही लपवतोय. घरी ऐकलेली जागा यानं त्या विटांत मांडून ठेवली आहे, आणि हॉलमध्ये, ऐन वेळी, माझ्या आधी हाच ती वाजवणार. गिटारच्या मानेवर धातूच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत राहणारी ती घसरण गिटारवर नीट उतरलीच नसती, एवढं मला कळायला नको होतं? बासरी फुंकणाऱ्या माणसाला? पण संशय घेणाऱ्याला एवढी फुरसत कुठे असते. मी दोन आठवडे नीट जेवलो नाही. आईनं दृष्ट काढली.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये वेताच्या खुर्च्या, छताला संथ पंखे, पुढच्या रांगेत काही गोरी माणसं, मागे लेस्लीचे रायपुरमचे दोस्त टाय बांधून. आई अगदी शेवटच्या खुर्चीवर, लाल काठाचं कांजीवरम नेसून, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन. चार बंदरं झाली. छान झाली, खोटं कशाला बोलू. सांतोसला तर लोक पायानं ठेका धरत होते. मग मद्रास. आईची धून सुरू झाली, गिटार तिच्या मागून अगदी हलक्या पावलांनी येत होती. आणि ती सहा घरं आली.

लेस्लीनं पंजा तारांवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मला आजही दिसतो. भुवया जरा वर, ओठ घट्ट. मला त्यात दिसला तो फक्त आव्हान देणारा माणूस. वाटलं, वाजव तू, मग मी दाखवतो, असं म्हणतोय. मी खरी जागा गिळली. खोटी वाजवली. निषाद, षड्ज, संपलं. तो थांबूनच राहिला. अजून काही येईल अशा आशेनं, एक मात्रा, दोन मात्रा. मग उशिरानं सुरू झाला, आणि पुढचं सगळं थोडं लंगडत शेवटाला पोचलं. टाळ्या पडल्या. पेटीत गिटार ठेवताना तो एवढंच म्हणाला, "हरकत नाही, राव. हरकत नाही." मी म्हटलं, कशाला हरकत असेल?

आई घरी आल्यावर लुगडं बदलता बदलता म्हणाली, "माझं ते तू शेवटी मोडलंस का रे?"

"मुद्दाम. लोक चोरतात."

"अय्यो! बिया भाजताना म्हणते मी ते. ते कोण नेणार आहे आणि नेऊन ठेवणार कुठे?" आणि ती हसत हसत पाणी प्यायला गेली. पुढे गल्लीच्या तोंडाशी कॉफी भाजून, दळून देणारं दुकान निघालं. कढई माळ्यावर गेली. त्यानंतर आईला मी गुणगुणताना ऐकलं नाही. सगळ्यात वाईट हे, की ते थांबलं हे माझ्या लक्षातही फार उशिरा आलं. तोवर ती गेली होती.

लेस्ली पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाला गेला. त्याच्या ओळखीतली घरंच्या घरं तेव्हा जात होती. जायच्या आधी एक मोठं पाकीट माझ्या कचेरीत ठेवून गेला, मी त्या दिवशी रजेवर होतो. रजेवर असल्याचं त्याला माहीत असणार, असं मी म्हटलं. पाकिटात पाच बंदरांचे कागद होते. चिठ्ठी नाही. मला वाचता येत नव्हते आणि दुसऱ्याला दाखवायचे तर तो चोरेल. पेटीत तळाशी घातले.

या मार्गळीत माझी नात मीनू ती पेटी उपसत बसली. तिचं ऑफिस इथेच, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर, आणि ऑफिसनंतर ती गिटार शिकते. मला ताता म्हणते. तिनं कागद पाहिले नि ओरडलीच. "ताता, हे कुणाचं? किती सुंदर लिहिलंय!" मी आधी तिचा फोन आतल्या खोलीत ठेवायला लावला. त्या फोनमध्ये काय काय भरून घेता येतं ते मला ठाऊक आहे. मग म्हटलं, "त्या काळ्या विटा आहेत ना, शेवटी, त्यात त्यानं काय लपवलंय ते वाच."

"विटा? ताता, या थांबायच्या खुणा आहेत. सहा घरं गिटारनं नुसतं थांबायचं. काही वाजवायचंच नाही."

मी म्हटलं, नीट बघ.

तिनं कागद उजेडात धरला. "एक गंमत आहे पण. वर बासरीची ओळ आहे ना, तिथे या सहा घरांत काहीच नाही. स्वर नाहीत, थांबायची खूणही नाही. नुसत्या पाच रेघा. बासरीनं गप्प बसायचं असतं तर त्यानं तिथेही विटा काढल्या असत्या. म्हणजे बासरी काहीतरी वाजवते, पण यानं ते लिहिलेलं नाही. बाकी तुझा एकेक स्वर लिहिलाय, एवढंच सोडलंय. विसरला असेल का?"

विसरला नव्हता. माझं खोटं वळण त्यानं शंभरदा ऐकलं होतं, पण ते त्यानं कागदावर येऊ दिलं नाही. आणि खरं त्यानं एकदा ऐकलं होतं, कॉफीच्या धुरात, मी तांब्या पाडत असताना, आणि तेही लिहिलं नाही. ती माझी जागा होती. माझ्यासाठी मोकळी ठेवून तो पंजा तारांवर ठेवून बसला होता, तालमीत बसला, हॉलमध्ये बसला, दोन मात्रा जास्तच बसला. भुवया वर करून तो मला एवढंच म्हणत होता, की आता वाजव. मला रडू आलं. या वयात नातीसमोर रडलो, लपवायला जमलं नाही.

मीनूनं गिटार आणली. मी बासरी काढली. दम आता फार नाही, पण ती धून लांब नाही. तिनं लेस्लीचं सगळं जसंच्या तसं वाजवलं, अडखळत, आणि सहा घरं आली तशी पंजा तारांवर ठेवून माझ्याकडे बघत थांबली. मी वाजवलं. वाजवलं आणि मलाच शंका आली. हे षड्जाला टेकलं का? पुन्हा वाजवलं. या वेळी नाही टेकलं, पण उतरताना हलतं ती जागा वेगळीच आली. तिसऱ्यांदा वाजवलं, ते आणखी निराळं. इतकी वर्षं दार लावून बसलो तरी शेजारी ऐकतील म्हणून खोटंच वाजवत आलो होतो. बोटांना तेच ठाऊक. आईचं कुठलं, माझं कुठलं, मला सांगता येईना, आणि विचारायला जगात कुणी उरलं नव्हतं.

"ताता," मीनूनं विचारलं, "तिन्ही वेगळी आली. पणजीचं यातलं कुठलं?"

"नाही माहीत," मी म्हटलं. "जा, फोन आण आतून."

ती फोन घेऊन येईपर्यंत माझ्या लक्षात आलं, की मी खुर्चीत भिंतीकडे वळून बसलोय. कधी वळलो कोण जाणे. मी खुर्ची फिरवली, तिला बोटं दिसतील अशी, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.